अठ्ठावन्नावी ओवी

आई: नव्याण्णव कसे होतील? शंभर झाले. परत मोजा म्हणावं त्यांना.

देव: आई, ही फेडरेशनची लिस्ट आहे. माल्टासाठी कोण किती मॅच खेळला, ते मोजणं हेच काम आहे त्यांचं.

आई: आणि मी काय करत होते एवढी वर्षं? तुझ्या एकेका मॅचला एकेक ओवी केली, आकड्यानिशी. गेल्या महिन्यातली शंभरावी. पस्तीस वर्षं इथे साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात थेंब मोजून औषधं दिलीत मी. माझी मोजणी चुकत नाही.

देव: नाइन्टी-नाइन, आई. म्हणून तर कोचचा फोन आला. मंगळवारी होम मॅच आहे. शेवटची दहा मिनिटं मला आत पाठवणार, दंडावर कॅप्टनची पट्टी. मग टाळ्या. मग एक शर्ट, फ्रेममध्ये, वर शंभर लिहिलेला. दॅट्स इट. थँक यू देव, आता घरी जा.

आई: मग जावं की. त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे?

देव: मी नको म्हणून कळवणार आहे. पाच वाजेपर्यंत सांगायचंय.

आई: का? पाठ धरलीय?

देव: माझा पाठ नेहमीच दुखतो.

आई: माझी पाठ. दुखते. सदतीस वर्षांचा घोडा झालास, अजून तुझी पाठ पुरुषच आहे.

देव: पाठचा प्रॉब्लेम नाही. मला ती दहा मिनिटं नकोत. चॅरिटी आहे ती. जर्सी द्या, फोटो काढा, पुढचा मुलगा तयारच आहे. एकोणीस वर्षांचा. काय धावतो!

आई: तूही धावायचास. पहिल्या मॅचला टीव्हीवर तू दिसलास तर तुझा पा ओरडला, आशा, बघ, ससा! मी म्हटलं, ससा नाही, ससा पळून जातो. हा उभा राहतो. त्याच रात्री भांडी घासताना जुळली:

पहिली माझी ओवी, समुद्रातल्या खडकाला,
बाळ माझं उभं गं, येणाऱ्या धडकेला.

देव: मला ती पाठ आहे.

आई: आता ही पाठ बरोबर लावलीस. घे, कांदा चिर. थालीपीठ लावते तुला.

देव: भूक नाही.

आई: कांद्याला भूक लागत नाही, चिर. मालविकानं परवा ईलिंग रोडवरून मेथी आणून दिली, ती वाया जाईल. ती आली की एकच धोशा असतो. स्टॅनमोरला चल, आई. वरची खोली तुझीच आहे, आई. चार वेळा दाखवली मला ती खोली. खिडकीतून शेजाऱ्याचं गॅरेज दिसतं.

देव: तू जायला हवं लंडनला, लेकीकडे. इथे पूर्ण दिवस तुझ्याशी कोण बोलतं?

आई: जहाजं बोलतात. साडेचारला एक भोंगा होतो, मी म्हणते, गेलं बाई एक. तुझा पा असता तर कुठलं जहाज ते आवाजावरून सांगितलं असतं. आणि तुझ्या मॅच असायच्याच की. एक झाली की दुसरीपर्यंत ओवी जुळवत बसायचं. शब्द बसला नाही तर दोन-दोन आठवडे जायचे. बरे जायचे.

देव: म्हणजे मी खेळणं थांबवलं की—

आई: माझं बघीन मी. तू तुझं सांग. नको का म्हणतोस? खरं कारण सांग.

देव: सांगितलं ना. चॅरिटी.

आई: सतरा वर्षांनी दहा मिनिटं देतायत, ती चॅरिटी? तुझ्या पाला त्याच्या जहाज कंपनीनं पंचवीस वर्षांनी घड्याळ दिलं होतं. बंद. तेसुद्धा त्यानं हसून घेतलं.

देव: पाला हसता यायचं. मला नाही येत. तुला माहितीये, आम्ही अवे मॅचला जातो तर तेवीस जण असतात. हॉटेलात दोन-दोनची रूम. तेवीस म्हणजे एक उरतो. सतरा वर्षं, आई, तो उरलेला मी आहे. कोणी वाईट वागत नाही. सगळे छान आहेत. पण ते माल्टीजमध्ये जोक करतात, आणि मला समजेपर्यंत हसून झालेलं असतं. तिथे मी इंग्लिशवाला. इथे लोक विचारतात, माल्टाला टीम आहे? आणि तुझ्या मंडळातल्या त्या मनीषाकाकू—

आई: मनीषा काय म्हणाली?

देव: गणपतीला, वेम्बलीला. प्रसाद देता देता. अरे वा, इंटरनॅशनल! म्हणजे इंग्लंडकडून नाही का रे?

आई: तिचं सोड. तिचा अनुप बँकेत आहे, ते ती हळदीकुंकवात सुद्धा सांगते.

देव: आणि आम्ही हरतो, आई. हे पण आहे. हरायला कोणी बरोबर लागतो. जिंकलेला एकटा चालतो. हरून त्या एकट्या रूममध्ये जायचं, बूट काढायचे, आणि फोनवर तुझा व्हॉइस मेसेज असायचा. छप्पन्न सेकंद. मी लाइट न लावता ऐकायचो.

आई: मला वाटायचं, ऐकत नसशील. उत्तर म्हणून नुसता अंगठा पाठवायचास.

देव: मराठीत काय टाइप करू? सत्ताविसावी मी त्या रात्री पाच वेळा ऐकली. सात-शून्यची.

आई:
सत्ताविसावी ओवी, सात वेळा दार फुटलं,
बाळ माझं एकटं गं, पुन्हा पुन्हा उठलं.

देव: पाच वेळा.

आई: तुझा पा म्हणाला होता, सातांतले तीन गोल देवच्याच बाजूनं आले, ते घाल ओवीत. मी म्हटलं, तुमच्या गाण्यात घाला. मग तो स्वयंपाकघरात उभा राहून त्याचं गाणं म्हणायला लागला. त्यांच्या माल्टात असतंच ना तसं, एकानं टोमणा गायचा, दुसऱ्यानं गाऊनच फेडायचा. तो त्याच्या भाषेत, मी माझ्या. शेजारणीला वाटलं आमचं कडाक्याचं भांडण चाललंय.

देव: तिने भिंत ठोकली होती.

आई: ठोकली होती! कांदा बारीक चिर, ओंडके नकोत. बरं, आता असं कर. तू फोनमधली ती यादी वाच, मी ओव्या म्हणते. जिथे अडेल तिथे त्यांची चूक.

देव: आत्ता नको.

आई: आत्ताच. पाचला फोन करायचाय ना? मग सांगू त्यांना, तुमच्या हिशेबातला एक हरवलाय, माझा मुलगा आधीच शंभर खेळलाय. म्हणजे दहा मिनिटांचे उपकारही नकोत. बघ, तुझ्याच मनासारखं होईल.

देव: आई, सोड ना. नव्याण्णव, शंभर, काय फरक पडतो?

आई: मला पडतो. पहिल्या पन्नास सोडू, त्या तुझ्या पानं कॅलेंडरवर खुणा करून तपासल्या होत्या. पन्नासच्या पुढे वाच.

देव: एक्कावन्न. आइसलँड.

आई: वाऱ्याची. बॉल उलटा यायचा ती. पुढे.

देव: बावन्न, त्रेपन्न घरी.

आई: दोन्ही ओव्या एकाच दिवशी केल्या, मला फ्लू होता. पुढे.

देव: चोपन्न, जॉर्जिया. पंचावन्न, तुला आवडलेली. आम्ही जिंकलो.

आई: एकदाच तर जिंकलात त्या वर्षी, आवडेल नाही तर काय! छप्पन्न, तुझ्या भुवईला टाके पडले. सत्तावन्न, लक्झेंबर, तुझा पा सूप तसंच ठेवून टीव्हीपुढे बसला होता. पुढची?

देव: पुढची मार्चमधली आहे.

आई: मार्च कसा? मध्ये ऑक्टोबर आहे ना. टॅलिन. मार्चमध्ये तर त्याला जाऊन पाच महिने झाले होते. बघ! सापडली! टॅलिनची मॅच खाल्ली त्यांनी. अठ्ठावन्नावी. लाव, फोन लाव, मीच बोलते. तुझा पा ज्या रात्री गेला तीच मॅच हरवतात म्हणजे काय! मला शंभर वर्षांनीसुद्धा झोपेत विचारलंस तरी—

देव: आई.

आई: —काय?

देव: टॅलिनला मॅच झाली. मी त्यात नव्हतो.

आई: नव्हतो म्हणजे? तू गेला होतास. विमानतळावर मी तुला सोडलं होतं.

देव: गेलो होतो. कोचने आदल्या दिवशी सांगितलं होतं, तू पहिल्यापासून खेळणार. सकाळी बोर्डावर माझं नाव नव्हतं. म्हणाला, तुझ्या डोक्यात घरचं आहे, मला दिसतंय. बेंचवर बस. गरज लागली तर घेतो.

आई: आणि?

देव: तीनदा वॉर्म-अप केला. त्या लाइनच्या बाहेर, इकडून तिकडे, इकडून तिकडे. तीन जण आत गेले. तीनच जाऊ शकतात. मी परत बसलो. बेंचवर बसलेली मॅच मोजत नाहीत, आई.

आई: पण तू मला म्हणालास... दारात बॅग होती तुझ्या हातात. मी विचारलं, खेळलास ना? तू म्हणालास, वीस मिनिटं.

देव: तू दार उघडलंस तर पांढरी साडी होती. मागे मालविका रडत होती. आणि तू दुसरं काही नाही विचारलंस, हेच विचारलंस. मी काय सांगू? की पा इथे जात होता आणि मी तिकडे एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जॅकेट घालून बसलो होतो? मी यायला पाहिजे होतं इथे. काही नाही करत होतो मी तिथे. नथिंग.

आई: अकरा वर्षं झाली, देव.

देव: माहितीये.

आई: अकरा वर्षं त्याच्या वर्षश्राद्धाला दिवा लावते आणि तीच ओवी म्हणते.

देव: माहितीये. म्हणून तर त्या दिवशी मी कधी येत नाही.

आई:
अठ्ठावन्नावी ओवी, दिवा इथं मालवला,
तिथं माझ्या बाळानं खेळ नाही थांबवला.

देव: प्लीज, आई.

आई: माझ्याशी खोटं बोललास, ते राहू दे. पोरं बोलतात. पण मला खोटं गायला लावलंस रे.

(बंदराकडून भोंगा.)

देव: गेलं एक.

आई: तवा बंद कर. करपतंय.

देव: केला.

आई: मी तुला जा म्हटलं होतं.

देव: पा पण म्हणाला होता.

आई: तो म्हणणारच. तो मरतानाही बोट चुकवू नको म्हणणाऱ्यांतला. पण तू मला बाजूला घेऊन विचारलंस, आई, तू नर्स आहेस, नीट सांग, किती दिवस? मी त्याची नखं पाहिली, श्वास मोजले, आणि म्हटलं, आठ दिवस आहेत, ये जाऊन. लोकांच्या माणसांचं मी कधी चुकले नाही. माझ्याच माणसाचं चुकले. हे मी तरी तुला कुठे सांगितलं?

देव: त्याच्यात तुझी काय चूक?

आई: आणि तुझी काय होती? मीठ दे इकडे. आणि ऐक. खोटं तू एकट्यानं नाही बोललास.

देव: म्हणजे?

आई: त्या संध्याकाळी वॉर्डात इंटरनेट लागेना. तुझ्या पाचं इंग्लिश केव्हाच मागे पडलं होतं, माल्टीजमध्येच पुटपुटायचा. सारखं एकच. देव खेळतोय का? देव खेळतोय का? मी म्हटलं, खेळतोय. तर म्हणे, सांग. मी काय सांगणार? मला त्या खेळातलं एवढंच कळतं की तुम्ही शेवटी हरता. पण सांगायला लागले. बॉल देवकडे आहे. देव पळतोय. आता पाऊस पडतोय. आता एक दांडगा आला, देवनं त्याला चुकवलं.

देव: टॅलिनला पाऊस नव्हता.

आई: साउथहॅम्प्टनला होता. खिडकीत जे दिसत होतं ते घातलं. तासभर बोलत होते. मग काही सुचेना, म्हणून तुला गोल मारायला लावला.

देव: आई! मी लेफ्ट बॅक आहे, मागे डावीकडे गोल अडवणारा. सतरा वर्षांत माझा एक गोल नाही.

आई: त्या दिवशी दोन मारलेस.

देव: दोन?

आई: पहिल्याला त्यानं डोळे उघडले, मग मला राहवलं नाही. दुसरा मारला तर हळूच विचारतो, कुठल्या पायानं? मला काय माहीत! मी म्हटलं, उजव्या.

देव: ओह नो.

आई: हसला. इतका क्षीण झाला होता, तरी पोट हलेपर्यंत हसला. म्हणाला, आशा, उजवा पाय तो फक्त बसमध्ये चढायला वापरतो.

देव: म्हणजे त्याला कळलं?

आई: कळलं म्हणजे? पहिल्या गोललाच कळलं असणार. तरी म्हणाला, पुढे सांग. मी सांगत राहिले. कुठल्या मिनिटाला गेला ते मला कळलं नाही. मी तुला पळवतच होते.

देव: तू हे कधी सांगितलं नाहीस.

आई: तू खरोखर वीस मिनिटं खेळून आला होतास ना. तुझ्या खऱ्यापुढे माझं खोटं कसं काढू? लाज वाटली.

देव: मला वाटायचं, शंभर मॅच झाल्या की कोणीतरी माइकवर नंबर बोलेल आणि तू म्हणशील, नाही, एकशे एक. सगळ्यांसमोर. आणि मग मला सांगावं लागेल. म्हणून ती दहा मिनिटं नको होती.

आई: एवढ्यासाठी?

देव: एवढ्यासाठी. चॅरिटी वगैरे... ती मी विमानात विचार करून ठेवली होती.

आई: मेल्या, चॅरिटी ‘ठेवला’ नाही, ‘ठेवली’ म्हणालास, हे बरोबर. खा. गरम आहे तोवर खा.

देव: मग तुझ्या किती झाल्या आता? नव्याण्णव?

आई: शंभरच. केलेली ओवी परत घेता येत नाही. तुझे तू नव्याण्णव धर. पण अठ्ठावन्नावीची दुसरी ओळ बदलायला हवी. पहिली राहील. दिवा इथं मालवला, ते खरंच आहे. दुसरी काय करू?

देव: मला विचारतेस? मला पाठ पण बरोबर बोलता येत नाही.

आई: काय करत होतास तिथे, ते सांग. बसून.

देव: काही नाही.

आई: काही नाही कसं? माणूस नुसता बसलेला असला तरी काहीतरी करतो.

देव: हात जॅकेटच्या बाहीत ओढून घेतले होते. पा बर्फातल्या देशांत जहाज लागलं की करायचा, तसे. घड्याळ बघत होतो, आणि इथे किती वाजले ते मोजत होतो. दोन तास मागे. म्हणजे आता सिस्टर येईल, आता आई त्याला कुशीवर वळवेल. शेवटी शेवटी बॉल कुठे आहे ते मला दिसत नव्हतं.

आई: बघ. आणि म्हणे काही नाही.

देव: त्याची ओळ होईल?

आई: अशी नुसती ऐकून नाही होत. किती वाजले?

देव: पाचला सात कमी.

आई: मग लाव फोन. हो म्हण. आणि विचार, एका म्हातारीला बसायला जागा मिळेल का.

देव: तुला? तू कधीच ग्राउंडवर येत नाहीस! मी बारा वर्षांचा असताना एकदा आलीस आणि हाफ टाइमला घरी गेलीस.

आई: तो एक लाल चेहऱ्याचा बाप्या तुला शिव्या देत होता. माझ्या हातात छत्री होती. गेले नसते तर दुसऱ्या दिवशी पेपरात आले असते.

देव: तुझ्या गुडघ्याचं काय? विमान, तिथून स्टेडियम, पायऱ्या. आणि मालविका मला मारेल.

आई: मालविकाला मंगळवारनंतर सांगू. तुझ्या पाच्या गावी मी त्याच्या अस्थी घेऊन गेले, त्यानंतर गेलेच नाही. तो गेल्यावर तिथे मला कोण ओळखतं?

देव: तिथे मलाही कोणी ओळखत नाही.

आई: मग तेवीसचे चोवीस होऊ. कुणी उरायला नको.

देव: पण आई, दहा मिनिटांसाठी एवढं? ती पण शेवटची. तोपर्यंत लोक पार्किंगकडे निघालेले असतात.

आई: दहा मिनिटांसाठी कोण येतंय? ती टाळ्या वाजवणारे बघतील. त्याआधी ऐंशी मिनिटं तू बाकावर असणार ना?

देव: हो. जॅकेट घालून.

आई: तेवढं मला बघायचंय. त्या संध्याकाळी तुला बसलेलं आपल्यातल्या कुणीच पाहिलं नाही.